यंत्रातले पाणी थांबत नाही तेव्हा

मागील अंकातील विजेच्या इस्त्रीवरील लेखानंतर आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला आढळला. वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरू लागले की ते ठरलेल्या पातळीवर थांबत नाही, चढतच राहते; याचे कारण काय आणि उपाय कोणता? कोणी लिहितात, मशीन बंद असतानाही सकाळी ड्रममध्ये पाणी साचलेले आढळते. कोणाच्या घरी न्हाणीघराचा उंबरा ओलांडून पाणी बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचले. तक्रार एकच दिसत असली तरी तिची कारणे वेगवेगळी आहेत, आणि कारण न ओळखता केलेल्या दुरुस्तीने पैसाही जातो आणि दुखणेही राहते. कधी कधी त्याहून अधिक काही जाते. आमच्याच नात्यात ते नुकतेच अनुभवाला आले, म्हणून प्रारंभ तेथूनच करतो.

इंदूरला आमच्या आत्या मुलगा-सुनेसह राहतात. वय बहात्तर. घर पहिल्या मजल्यावर, खाली भाडेकरू. समोरून दार असलेले, म्हणजे फ्रंट लोड पद्धतीचे मशीन आहे आणि ते चालविण्याचे काम आत्यांनी आपणहून अंगावर घेतलेले. गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी पहाटे त्यांनी कपडे घालण्यासाठी मशीनचे दार उघडले, तो आतून पाण्याचा लोंढा आला. न्हाणीघर भरले, पाणी खाली झिरपले, भाडेकरूंच्या छताला ओल आली. मुलगा म्हणाला, ‘‘आई, रात्री तू मशीन अर्ध्यावर बंद केलेस आणि पाणी काढायला विसरलीस.’’ आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच घडले. मग मात्र ‘विसरलीस’ हा शब्द घरात मुक्कामालाच आला. उघड कोणी काही बोलेना; पण आत्यांच्या गोळ्या सून मोजून हातावर ठेवू लागली, रात्री गॅस बंद आहे की नाही हे आत्यांच्या मागून दुसरे कोणी तरी पाहू लागले. आत्यांनी मशीनला हात लावणे सोडले आणि मोरीत बसून आपली लुगडी हातांनी धुण्यास आरंभ केला.

दरम्यान मेकॅनिक येऊन गेला. त्याने मशीनचे दार उघडून पाहिले, बटणे दाबली आणि पीसीबी, म्हणजे मशीनला आज्ञा देणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, बिघडल्याचे सांगितले. ती महागडी वस्तू बदलली गेली. बारा दिवसांनी ड्रममध्ये पुन्हा पाणी! या वेळी मशीनला आत्यांचा हातही लागलेला नव्हता. पण सूनबाईंनीच काही चुकीचे बटण दाबले असेल, असे म्हणून तोही प्रसंग मिटला.

मी गेलो तेव्हा आत्या हळूच मला म्हणाल्या, ‘‘अरे, मी मशीन अर्ध्यावर बंद केले असेन, तर ते पाणी साबणाचे असायला हवे ना? पाणी तर अगदी नितळ होते.’’

वाचकहो, या एका वाक्यात अर्धे निदान होऊन गेले होते. ते कसे, हे समजण्यासाठी मशीनच्या पोटातील रचना थोडी पाहावी लागेल.

पाणी भरण्याच्या कामी मशीनमध्ये तिघांचा संबंध येतो. पहिला, पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह. दुसरा, पाणी किती चढले हे सांगणारा प्रेशर स्विच. तिसरी, ही खबर ऐकून व्हॉल्व्हला ‘उघड’ वा ‘मीट’ असे सांगणारी पीसीबी. पाणी थांबत नसेल तर या तिघांपैकी कोणी तरी चुकत आहे. कोण, एवढेच शोधायचे.

व्हॉल्व्हची रचना मोठी चतुराईची आहे. नळाचा पाइप मशीनला जेथे जोडलेला असतो तेथेच, आतल्या बाजूस, तो बसविलेला असतो. त्यात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढे एक छिद्र, आणि मध्यभागी दुसरे. मधल्या छिद्रावर स्प्रिंगने दाबून धरलेली एक छोटी दांडी असते. बाहेरचे पाणी कडेच्या छिद्रातून पडद्याच्या वरच्या बाजूस जाऊन साठते आणि आपल्या दाबाने पडदा खाली घट्ट बसवून ठेवते. वीज आली की भोवतालच्या वेटोळ्यात चुंबकत्व निर्माण होऊन दांडी वर ओढली जाते, वरचे पाणी मधल्या छिद्रातून निसटते, दाब उतरतो आणि पडदा उचलला जाऊन मार्ग खुला होतो. वीज गेली की दांडी खाली येते, वर पुन्हा पाणी साठते आणि पडदा बंद होतो. म्हणजे पाण्याचे हे दार पाण्याच्याच भाराने मिटते. हे ध्यानात ठेवावे; पुढे याचा उपयोग आहे.

प्रेशर स्विचचे तत्त्व समजण्यास एक पेला आणि एक बादली पुरे. पेला पालथा धरून बादलीत खाली दाबा. आतली हवा कोंडून दाबली जाते, आणि पेला जितका खोल तितका हवेचा दाब अधिक. मशीनच्या तळाशी अशीच एक हवेची लहान कुपी असते. तिच्यापासून एक बारीक रबरी नळी वर प्रेशर स्विचपर्यंत जाते. ड्रममध्ये पाणी चढले की कुपीतील हवा दाबली जाते, तो दाब नळीतून वर पोहोचतो आणि ‘आता पुरे’ अशी खबर मिळते. सारा कारभार फार थोड्या दाबावर चालतो. पाणी ३० सेंटिमीटर चढले तरी हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन टक्क्यांनीच वाढतो. त्यामुळे नळीला केसाएवढी चीर गेली, ती जागेवरून सुटली, मुडपली किंवा कुपीच्या तोंडाशी साबणाचा गाळ बसला, तर खबर वर पोहोचत नाही. ड्रम भरलेला असूनही मशीनला तो रिकामाच वाटतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. तत्पूर्वी सावधगिरीचे दोन शब्द. फरशीवर पाणी असेल तर मशीनच्या प्लगला वा बटणाला हात लावू नये. प्रथम घराच्या मुख्य फळ्यावरील एमसीबी पाडावा, नंतर पाण्याचा नळ बंद करावा, फरशी कोरडी करावी आणि मगच कोरड्या हातांनी प्लग काढावा. मशीन तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या जोडणीवरच असावे. फळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर वीज जोडणाऱ्याकडून तो बसवून घ्यावा. गळतीची वीज अंगातून जाऊ लागताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. फ्रंट लोड मशीनच्या काचेपलीकडे पाणी दिसत असेल तर दार उघडू नये. पाणी गरम नाही याची खात्री करून, खालच्या कोपऱ्यातील झाकणामागच्या फिल्टरमधून ते परातीत थोडे थोडे काढावे.

एवढे झाले की मशीनला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: प्लग काढलेला, नळ मात्र उघडा, अशा स्थितीत पाणी आत येते काय? साबण घालण्याचा खण बाहेर काढून घ्यावा, त्याची पोकळी फडक्याने कोरडी पुसावी आणि तासाभराने बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. तेथे थेंब वा धार दिसली तर दोष व्हॉल्व्हचा. वीजच नसताना पीसीबी वा प्रेशर स्विच पाणी आत आणू शकत नाहीत. नुसते ड्रममध्ये डोकावून ही परीक्षा करू नये. पहिले काही लिटर पाणी ड्रमच्या खाली, दृष्टीआड साठते आणि काही आलेच नाही असा भ्रम होतो.

दुसरा प्रश्न: पहिल्या परीक्षेत पाणी आले नाही, आता प्लग लावून वीज सुरू केली, पण धुण्याचा कार्यक्रम निवडलेला नाही. तरीही पाणी येऊ लागले काय? तसे असेल तर पीसीबीवरील व्हॉल्व्हला वीज देणारा रिले किंवा तत्सम भाग चिकटून बसला आहे. कोणी आज्ञा न देताच वीज व्हॉल्व्हकडे जात आहे. पीसीबीची दुरुस्ती किंवा बदल येथे, आणि प्रायः येथेच, योग्य ठरतो.

तिसरा प्रश्न: वरील दोन्ही वेळा पाणी आले नाही, पण कार्यक्रम सुरू होताच भरू लागलेले पाणी थांबत नाही काय? मग खबर देणाऱ्याकडे, म्हणजे कुपी, नळी आणि प्रेशर स्विच यांच्याकडे पाहावे. पुष्कळ मशीनांत पाणी फारच चढले तर पंप आपोआप सुरू होतो. एकीकडे भरणे आणि एकीकडे उपसणे चाललेले दिसते, आणि पडद्यावर चुकीची खूण उमटते. या खुणांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. नळीची तपासणी प्लग काढून, शक्यतो मेकॅनिककडूनच करवावी. नळीचे स्विचकडील टोक सोडवून ड्रमच्या दिशेने हलकेच फुंकले असता आत बुडबुडण्याचा आवाज यावा. स्विचमध्ये जोराने फुंकू नये, आतला नाजूक पडदा फाटतो. स्विच बदलण्यापूर्वी नळी आणि कुपी स्वच्छ करून पाहण्याचा आग्रह धरावा.

या तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आले आणि तरीही तक्रार असेल, तर दोष मशीनबाहेरचा असण्याचा संभव फार. फ्रंट लोड मशीनमध्ये हाताने कपडे धुण्याची पावडर घातली तर फेस इतका होतो की तो खणातून बाहेर येतो आणि पाणीच उतू गेल्यासारखे वाटते. काचेतून पाहिले तर पाणी तळाशीच असते. न्हाणीघरातील जाळी तुंबलेली असेल तर सांडपाणी उलट मशीनमध्ये चढू शकते. ते पाणी गढूळ असते आणि त्याला वास येतो. सांडपाण्याच्या पाइपचे टोक नुसते मोरीत टाकून दिले असेल तर निराळाच प्रकार होतो. पाणी भरता भरता आपोआप वाहून जाते, ड्रम भरतच नाही आणि नळ चालूच राहतो. हा पाइप साधारणतः ६० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीपर्यंत चढवून मगच खाली उतरवावा. मशीनच्या मागे त्यासाठी अडकवण असते.

सेमी ऑटोमॅटिक मशीन वापरणाऱ्यांना वरीलपैकी पुष्कळसे लागू नाही. तेथे बहुधा नळ आपणच उघडतो आणि आपणच बंद करतो. जादा पाणी वाहून जाण्यासाठी टबाच्या वरच्या भागात वाट ठेवलेली असते; ती कपड्यांच्या तंतूंनी बुजली की पाणी काठावरून उतू जाते. तेथील जाळी आठवड्यातून एकदा साफ करावी आणि नळ सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नये, एवढे पुरे.

आता आत्यांच्या मशीनकडे वळू. त्या रात्री आम्ही प्लग काढला, ड्रम रिकामा केला, खणाची पोकळी पुसली आणि नळ उघडा ठेवला. तासाभराने पाहिले तो आत बारीकशी धार लागलेली. वीज नाही, कोणाचा हात नाही, विसरण्याचा प्रश्न नाही; पाणी आपले येतच होते! आत्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. धुण्याच्या मध्येच मशीन बंद केले असते तर पाणी साबणाचे आणि मळकट असते. ते नितळ होते, कारण ते धुण्याचे नव्हतेच. रात्रभर नळातून झिरपलेले होते. दुसऱ्या दिवशी नव्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह सोडवून, तो नुसता पाइपला जोडून बादलीवर धरला. मिनिटाला जेमतेम पाव वाटी पाणी येत होते. पण पाव वाटी म्हणजे सुमारे ५० मिलिलिटर. तासाला तीन लिटर, आणि आठ तासांच्या रात्रीत २४ लिटर. दाराच्या काठावर पाणी चढण्यास तेवढे पुरले.

पण हे रोज का घडत नव्हते? याचे उत्तर गच्चीवर मिळाले. मशीनच्या नळापासून टाकीचा तळ फीत लावून मोजला. उंची जेमतेम दीड मीटर भरली. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक बार. त्या हिशेबाने टाकी काठोकाठ असतानाही या मशीनला पाव बारच्या आसपासच दाब मिळत होता, आणि संध्याकाळी टाकी उतरली की त्याहूनही कमी. मॉडेलनुसार पुष्कळ मशीनांना किमान ०.३ ते १ बार दाब लागतो. माहितीपुस्तिकेत तो छापलेला असतो. वर सांगितल्याप्रमाणे पाण्याचे दार पाण्याच्याच भाराने मिटते. भारच अपुरा, त्यात पडद्याखाली वाळूचे बारीक कण अडकलेले, म्हणून टाकी उतरलेल्या रात्री ते दार किंचित किलकिले राहत होते.

वाळू आत गेली कशी? व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक लहान जाळी असते. धार बारीक येते म्हणून मागे केव्हा तरी नळ दुरुस्त करणाऱ्याने ती काढून टाकली होती. असे पुष्कळ घरी घडते. जाळी फेकू नये; दर दोन-तीन महिन्यांनी नळ बंद करून, पाइप सोडवून, ती जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने धुवावी आणि पुन्हा जागेवर बसवावी. बोअरिंगचे जड पाणी वापरणाऱ्यांनी ही काळजी विशेष घ्यावी, कारण त्यातील क्षार व्हॉल्व्हमधील सुईएवढे छिद्रही बुजवतात. महिन्यातून एकदा कपडे न घालता गरम पाण्याचा कार्यक्रम चालवला तर तळाच्या कुपीशी साबणाचा गाळ साठण्याचे प्रमाण कमी होते.

आत्यांच्या मशीनला नवा व्हॉल्व्ह आणि नवी जाळी बसली. व्हॉल्व्हची किंमत बदललेल्या पीसीबीपुढे नगण्य होती. टाकी लोखंडी स्टँडवर उंच करून घेतली. आणि एक साधी सवय त्या घराने लावून घेतली: धुणे आटोपले की नळ बंद. ही सवय मी प्रत्येक वाचकाला सुचवीन. नळ बंद असेल तर व्हॉल्व्ह कितीही बिघडला तरी घरात पूर येत नाही, आणि मागच्या पाइपवर रात्रंदिवस भार राहत नाही.

यात पाण्याचाही विचार आहे. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते. सुमारे ७० किलोमीटरांवरील जलूदहून ते पंपांनी विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. एवढ्या खटाटोपाने घरी आलेले पाणी रात्री झोपेत मोरीवाटे जाऊ देणे कोणाही गृहस्थाला शोभणारे नाही. आपले गाव बडोदे असो, बेळगाव असो वा ग्वाल्हेर, हिशेब थोड्याफार फरकाने हाच आहे.

खाली जाऊन भाडेकरूंना आम्ही सारा प्रकार सांगितला आणि छताला रंग लावून देण्याचे कबूल केले. त्या संध्याकाळी आत्यांचा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग आईजवळ बसून म्हणाला, ‘‘आई, चुकलो. पाणी नितळ होते असे तू पहिल्याच दिवशी सांगितले होतेस.’’ आत्या म्हणाल्या, ‘‘अरे, तू ऐकले नाहीस त्याचे एवढे नाही. चार दिवसांनी मलाही वाटू लागले होते, की मीच विसरले असेन.’’

वृद्ध माणसे विसरतात, हे खरे. पण यंत्रेही बिघडतात, आणि यंत्राची परीक्षा एका तासात, एका कोरड्या फडक्यानिशी होते. ती आधी करावी. माणसाची चूक ठरविण्याची घाई नंतरही करता येते. बहुधा मग तिची गरज उरत नाही.

आत्यांची लुगडी आता पुन्हा मशीनमध्ये धुतली जातात. गोळ्या त्या स्वतःच्या हाताने घेतात. धुणे झाले की नळ बंद करण्याचे कामही त्यांच्याकडेच आहे, आणि ते आजवर एकदाही चुकलेले नाही.